गावचो न्हय

कुसळ काही केल्या निघत नव्हतं. साडीच्या काठात आडवं घुसलेलं, नखात धरायला गेलं की तुटायचं आणि उरलेलं टोक आणखी आत शिरायचं — आणि जानकी सकाळपासून, चहा व्हायच्याही आधीपासून, त्या एका कुसळाच्या मागे लागली होती. दुसरं करायला होतं तरी काय म्हणा! गावपळणीत बाईमाणसाला काम कसलं? ना अंगण झाडायचं, ना तुळशीला पाणी घालायचं. अख्खा गाव दारांना कड्या घालून ओहोळापलीकडे आलेला, शेजारगावच्या कापलेल्या शेतांत झावळांच्या खोपी घालून बसलेला; गुरं बांधाला बांधलेली, कोंबड्या टोपल्यांखाली, कुत्रीसुद्धा दोरीने ओढत आणलेली. तीन-चार वर्षांतून एकदा देवाला आपला गाव आपल्यापुरता हवा असतो. तीन दिवस, तीन रात्री. तेवढ्या काळात शिवेच्या आत माणसाचा आवाज नको, कोंबड्याची बांग नको, चुलीचा धूर नको. का, म्हणून विचारायचं नसतं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पळणीत तिने सासूला विचारलं होतं, तर सासू म्हणाली, "तूच काय ती शाणी इलंस!" — आणि त्या एका वाक्यावर तिची तोंड उघडायची हौस जी मिटली ती चांगली दहा वर्षं मिटली.

पण खरं सांगायचं तर पळण तिला आवडायची. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ इथे एका चुलीवर जेवतात, सुना सासवांच्या देखत फुगड्या घालतात, आणि ज्याच्या घरी चार खोल्या आहेत तो आणि ज्याच्या घरी एकच आहे तो, दोघेही सारखेच झावळांखाली निजतात. यंदा तर काल संध्याकाळी कहरच झाला. दत्तारामने — त्याचं बाजारात मोबाईलचं दुकान — कुठून तरी प्रोजेक्टर पैदा केला, दोन माडांच्या मधे पांढरी चादर ताणली, आणि त्या चादरीवर निलेश उगवला. तिचा निलेश. "कलाकाराची आवस ती, फुडे बसवा रे तिका!" म्हणून तिला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, आणि ती बसली, आणि पाठीमागे अख्खा गाव.

'पोट धरून' नावाचा तो कार्यक्रम आठवड्यातून दोनदा लागतो, आणि त्यात निलेश कांछा होतो. कांछा म्हणजे कोकणातल्या एका गावात आंबे राखायला आलेला नेपाळी. गाव इतका आळशी आणि इतका घाबरट, की एकजण पाणी शेंदायचा कंटाळा म्हणून विहीरच कांछाच्या ताब्यात देतो, दुसरा पहाटे उठवत नाही म्हणून होडी देतो, सरपंचाला डुलकी लागते म्हणून तो खुर्चीच देऊन टाकतो, आणि मग सगळे मिळून कपाळावर हात मारतात — "आज राखणदार, उद्या जमीनदार!" त्यावर कांछा छातीवर हात ठेवून वाकतो आणि म्हणतो, "मी घेनार नाय शाब, तुमीच देनार!" लोक लोळायचे बाकी राहतात. "आई, हसायचंय ते गाववाल्यांवर," निलेशने तिला एकदा नीट बसवून समजावलं होतं, "आपल्या भीतीवर, आपल्या आळसावर. कांछा बिचारा काहीच करत नाही." ते तिला पटलं होतं, इतकं पटलं होतं की तिने चार घरी जाऊन सांगितलंही. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या. आणि काल चादरीसमोर बसलेली पोरं काय करत होती? दोन्ही हातांची बोटं डोळ्यांच्या कडांना लावून डोळे ताणत होती, आणि एकमेकांकडे बघून खिदळत होती.

ती कुसळाचं शेवटचं टोक दातांनी धरायच्या बेतात होती तेव्हा परशुराम भावजी समोर येऊन उभे राहिले. तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, गावचे मानकरी, देवासमोर गाऱ्हाणं घालतात ते. स्वभावाने गोड माणूस. पण आत्ता तोंड उतरलेलं.

"वैनी, उठा. तुमच्या बागेत धूर दिसता."

टेकराज! — दुसरं काही मनात यायच्या आधी बागेच्या राखणदाराचं ते नाव आलं. आणि आता आठवलं. परवा सकाळी टेंपोत सामान चढवताना तिने काय काय मोजलं होतं: हंडे, तांदूळ, चार कोंबड्या आणि तो लंगडा कोंबडा, मांजर पोत्यात, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पिशवीत. शेजारची म्हैस निघाली की नाही हेसुद्धा तिने वाकून बघितलं. आणि टेंपोत बसता बसता, फाटक धरून उभ्या असलेल्या टेकराजला ती म्हणाली, "बागेकडे बघ रे!" बाजारात जाताना म्हणते तसं. कुडाळला डॉक्टरकडे जाताना म्हणते तसं. तोंडाची सवय हो, दुसरं काय! आणि तो नेहमीसारखा म्हणाला, "होय काकी."

मागच्या पळणीला तो आपल्या देशी गेला होता, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. पण यंदा तो इथे होता, डोळ्यांसमोर होता, सामान चढवायलाही तोच होता... आणि ती एवढी मोजदाद करणारी बाई, म्हशीला विसरली नाही आणि त्याला विसरली? नाही, विसरलेही नाही. मी त्याला बघितलं, त्याच्याशी बोलले. फक्त तो निघणाऱ्यांतला आहे हे माझ्या मनातच आलं नाही.

शिवेकडे जाणारी पायवाट कापलेल्या शेतातून होती आणि ऑपरेशन झालेला गुडघा उतारावर दुखत होता. त्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तिच्या उशाशी कोण बसलं होतं? टेकराज. निलेशचं शूटिंग होतं. नवरा गेल्यावर बाग सांभाळायला माणूस मिळेना तेव्हा कुणकेश्वरकडच्या एका बागायतदाराने त्याला पाठवलं होतं. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत रात्रीची राखण, आणि उरलेलं वर्ष काजू, गवत, पंप, तिची औषधं. बोलायला मालवणी शिकला तोही तिच्याकडूनच. आणि त्याचे डोळे — हे कुणाला सांगून खरं वाटत नाही — त्याचे डोळे चांगले टपोरे आहेत. पश्चिम नेपाळातल्या कुठल्याशा डोंगरातला माणूस. पिशवी खांद्याला लावून कुडाळ स्टेशनावर उभा केला तर कुणी वळून बघणार नाही. निलेश मात्र कांछा होताना डोळ्यांच्या कडांना पारदर्शक पट्ट्या लावून डोळे ओढून घेतो. "काढताना कातडी सोलवटते, आई," तो सांगायचा, आणि तिचा जीव त्या कातडीसाठी कळवळायचा. पण त्या पट्ट्यांनी काय केलं बघा, कार्यक्रम लागायला लागल्यापासून बाजारात लोक विचारतात, "तुमचो तो बारीक डोळ्यांचो खंय गेलो?" आणि एक दिवस चहा देताना तिचं तिलाच कळलं, की आपण कप पुढे धरून त्याच्या डोळ्यांकडे बघतोय, मापं काढल्यासारखं बघतोय. त्याने नजर खाली घातली होती.

त्याने कार्यक्रम पाहिला होता, तिच्याच पडवीत, खांबाला टेकून. हसलाही होता. संपल्यावर म्हणाला, "निलेशदादान माझी चाल बरी उचलल्यान." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तो वेगळा चालू लागला — पावलं जपून, एकेक टाकल्यासारखी — आणि नमस्कार करताना छातीवर हात ठेवायचा तो ठेवेनासा झाला. तिला वाटलं होतं, बोलावं काहीतरी. काय बोलणार? "ता तुझ्यावर न्हय रे, आमच्यावर आसा" असं?

ओहोळाच्या अलीकडे, जांभळीखाली पाच-सात माणसं जमली होती. पलीकडे आपला गाव — कौलं, माड, देवळाचा कळस, सगळं जिथल्या तिथे आणि आवाज नाही. आणि तिच्या बागेच्या डोक्यावर धुराची बारीक रेघ. इतकी बारीक, की घरी असती तर तिच्याकडे कुणी बघितलंही नसतं.

परशुरामांनी तिला बाजूला घेतलं. शिवेच्या आत कुणाला पाऊल टाकता येत नव्हतं, तेव्हा जाऊन आणणं नाही. आणि गावातला माणूस आत राहिला असेल तर पळण मोडली. मोडली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तीन दिवस सगळा गाव उघड्यावर, म्हातारी, तान्ही, गुरं. देवाला पुन्हा कौल. आणि ज्या घरामुळे मोडली त्या घराकडे पुढची तीन-चार वर्षं, काही बरंवाईट झालं की बोट. एखादी गाय मेली तरी जानकीचं नाव. हे सगळं त्यांनी वाईट वाटून सांगितलं, आणि मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पण वैनी, गावातलो माणूस आसलो तर हां. वाटसरू आसलो, परको आसलो, तर मोडणा नाय. पाखरां काय आत नाय आसत? तुमी एवढाच बोला सगळ्यांसमोर, देवाक साक्षी ठेवून — तो गावचो न्हय. इषय मिटलो."

झालं. एवढंच. एक वाक्य बोलायचं. ते खोटंही नव्हतं... नव्हतंच ना?

पण गेल्या महिन्यात टेकराज, हातातली काठी उगाच इकडची तिकडे करत, तिच्यासमोर उभा राहिला होता. काजूच्या कोपऱ्यात, विहिरीपलीकडे, दोन खोल्या बांधू का म्हणून. जमीन तुमचीच, काकी, मला नको, फक्त राहायला. बायको आणि मुलगी तिकडे डोंगरात. मुलगी शाळेच्या वयाची झाली, त्याला तिने पाच वर्षांत दोनदाच बघितलेलं, मागच्या खेपेला ओळखलंच नाही, आईच्या मागे लपली. मुलीला इथल्या शाळेत घालीन. हे सांगताना त्याचा आवाज हलला. आणि तिने, अगदी मनापासून, कबूल केलं होतं: पळण होऊ दे, मग परशुराम भावजींच्या कानावर घालते, गावाने मान हलवली की बांध. तिचा शब्द गाव मोडणार नाही हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. म्हणून तर तो थांबला होता. आता इथे, शिवेवर, देवाला साक्षी ठेवून तो गावचा नव्हे म्हटलं, की तो शब्द परत कसा गिळायचा? महिन्याभराने त्याच परशुरामांपुढे जाऊन, त्याला इथे राहू द्या, आपलाच आहे, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? घर गेलं. मुलगी गेली.

आणि तरी — हे तिने कुणापाशी कबूल केलं नसतं — तो खोल्यांचं बोलला त्या क्षणी, "होय रे बाबा" म्हणायच्या आधी, तिच्या डोक्यात काय वाजलं होतं? 'आज राखणदार...' निलेशच्याच आवाजात, त्याच ठेक्यात. तिला हसूही आलं होतं. मग लाज वाटली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा तेच: निलेश काही परत यायचा नाही, मी आज आहे उद्या नाही, आणि मग या बागेत कोण? काजूच्या कोपऱ्यातला. त्याची मुलगी मोठी होईल, इथल्या शाळेत शिकेल, मालवणी बोलेल, आंब्याच्या झाडाला आपलं म्हणेल... का म्हणू नये? पाणी तर तोच घालतो. पण ती कूस बदलत राहिली. तिला वाटायचं, कार्यक्रमातला तो घाबरट गाव निलेशने आपल्या मनाने रचला. रचलेला कुठला! इथेच तर होता, तिच्या उशीवर.

"माझ्या झिलाक बोटीर घेवक नाय," दत्ताराम मागून कुणाला तरी सांगत होता, "दोन नेपाळी घेतले. कमी पैशात येतत ना! आमी काय मरूचा?" हेही खोटं नव्हतं. त्याचा पोरगा दोन वर्षं घरी बसून आहे, आणि दत्ताराम हसत बोलला तरी त्याचं हसणं नीट नव्हतं. पण टेकराज कुठल्या बोटीवर गेला होता?

"वैनी," परशुराम म्हणाले.

सगळे तिच्याकडे बघत होते. मागे खोपींतून बायकाही उठून आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. एका म्हातारीला दोघींनी धरून आणलं होतं, तिचा थंडीने खोकला सुरू होता. आणखी तीन दिवस म्हणजे तिचं काही खरं नव्हतं. जानकीने डोक्यावरून पदर घेतला, देवळाच्या कळसाकडे हात जोडले.

"तो गावचो न्हय," ती म्हणाली. मग, कुणी विचारलेलं नसताना — "माझो कोण न्हय तो. रोजावरचो माणूस. आज आसा, उद्या जायत."

एवढं कुणी मागितलं नव्हतं. पहिलं वाक्य पुरलं असतं. जांभळीखाली अडकलेला श्वास सुटला, परशुरामांनी कळसाला हात जोडले, कुणीतरी "सुटलंव रे बाबा!" म्हणालं, आणि दत्तारामला राहवलं नाही: "आज राखणदार —" आणि बायकापोरांसकट सगळ्यांनी एका दमात पुरं केलं, "उद्या जमीनदार!" हसण्याची एकच लाट उठली. म्हातारीही खोकत खोकत हसली. आणि जानकीही हसली. सुटकेचं का होईना, पण हसली. पोट हललं, दात दिसले, हे तिला नंतर आठवत राहिलं.

मग फोन. चूल विझव आणि गप राहा, एवढं त्याला सांगायचं, परशुराम म्हणाले, आणि ते तिथेच उभे राहिले.

"काकी! बऱ्या आसात मा?" टेकराजचा आवाज खूश होता. दोन दिवसांत त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

"बरी आसंय. तू चूल पेटवलंस?"

"होय, आज भात घातलंय. दोन दिस पाव खावन काडलंय. कित्या?"

"इजव ती."

"इजवतंय." काहीतरी हलल्याचा, पाणी ओतल्याचा, चर्र झाल्याचा आवाज आला. "धूर चलणा नाय काय देवाक? माका ठावक नव्हता, काकी. सगळे गेले, माका कोण काय बोलूक नाय. तुमी बोललात बागेकडे बघ, म्हणान रवलंय. नायतर मी पयलोच इलो आसतंय." आणि तिने काही बोलायच्या आत, "आता येव? धावत येतंय. माझी जागा आसा मा थंय?"

जागा! अहो, शेतंच्या शेतं पडली होती. तिच्या खोपीत दोन माणसं सहज निजली असती. पण तो आता ओहोळ ओलांडून आला, काखेत वळकटी घेऊन, गावकऱ्यांसारखा गावकऱ्यांत — तर आत्ता देवासमोर बोललेलं काय झालं? परशुराम दुसरीकडे बघत होते, पण कान इकडेच.

"नको," ती म्हणाली. "तू थंयच रव."

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"बरां काकी," तो म्हणाला. "बागेकडे बघतंय." आणि मग, "देवाक माझी चूक झाली म्हणान सांगा. माझ्या नावान एक नारळ ठेवा."

"ठेवतंय," ती म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावरही तो कानाला तसाच धरून उभी राहिली, कारण खाली आणला की परशुरामांशी बोलावं लागलं असतं. भात अर्धा कच्चा राहिला असणार. तो तसाच खाईल. टाकणार नाही, टाकणाऱ्यातला नाही तो.

दुपारी जेवण गेलं नाही. परशुरामांची मुलगी संचिता, तिच्याच खोपीत होती ती, ताट घेऊन दोनदा आली. डोकं दुखतंय म्हणून जानकी आडवी झाली, आणि झावळांच्या फटींतून येणारं ऊन तोंडावर घेत पडून राहिली. वाईट वाटत होतं. सरळ, साधं, छातीत दुखल्यासारखं वाईट. आपण दुष्ट आहोत का? नाही, म्हातारी मेली असती थंडीने. मग काय चुकलं? ते दुसरं वाक्य. 'माझो कोण न्हय.' ते शोधावं लागलं नव्हतं, अडखळलंही नव्हतं, जिभेवर तयारच होतं. आणि ते तिथे किती दिवसांपासून होतं हे आता कळायला मार्ग नव्हता.

उन्हं कलली तेव्हा निलेशचा फोन आला. गावच्या ग्रुपवर त्याला टेकराज आत राहिल्याचं कळलेलं.

"आई, काय धमाल आहे ही! अख्खा गाव बाहेर आणि आत एकटा कांछा! मला सात जन्मांत सुचलं नसतं गं. देवच त्याला गाव देऊन टाकतो... आई, हा एपिसोड आहे! आहे तसा एपिसोड!"

"टेकराज म्हण," ती म्हणाली.

"हो गं, तेच ते."

पूर्वी तो 'आये' म्हणायचा. मुंबईत गेल्यावर पहिलं काम मिळालं ते मालवणी गड्याचं — दारूडा, भांडकुदळ, मालकाच्या ताटातला मासा पळवणारा — आणि तेव्हा त्याने फोन करून रडवेल्या आवाजात विचारलं होतं, "आये, आपण असे दिसतंव काय गो लोकांक?" ती म्हणाली होती, "हसतत मा? मग झाला तर!" गावात पेढे वाटले होते तिने. आज ते पेढे आठवून तिला कसंसंच झालं.

"निलेश," ती म्हणाली, "तुका कसा कळता रे, कोण कित्याक हसता ता?"

"म्हणजे?"

"तू म्हणतंस, लोक आपल्याच भीतीक हसतत. काल हंय अख्खो गाव हसलो. आज सकाळीय हसलो. मीय हसलंय. माका काय तसा दिसूक नाय."

तो चिडेल असं तिला वाटलं. चिडला नाही.

"आपण लिहितो एक, आई. ते पोचतं कसं, ते..." मग एकदम, किती तरी वर्षांनी, "आये, तू काय बोललंस थंय? शिवेर?"

"बोलूचा ता बोललंय."

"टेक्याक समाजला?"

"अजून नाय," ती म्हणाली. पण दत्ताराम आहे, पोरं आहेत, बाजार आहे. उद्या गाव परतला की संध्याकाळपर्यंत त्याला कळेल, आणि तेही त्या म्हणीसकट, हसून सांगितलेलं. तो हसेल. खांबाला टेकून हसला तसाच हसेल, आणि दोन खोल्यांचं पुन्हा कधी काढणार नाही. काही विचारणारही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडला असता तर त्याहून बरं. आजवर प्रत्येक पळणीत शेवटचा दिवस कधी उजाडतो असं तिला व्हायचं, स्वतःची चूल, स्वतःचं अंथरूण... आज पहिल्यांदा तिला वाटलं, देवाने आणखी तीन दिवस मागावेत.

दिवेलागणीला शेताच्या मधोमध समई लागली आणि गाव गोळा झाला. परशुराम भावजी पुढे उभे राहिले, डोळे मिटले, आणि त्यांचा तो भरडा, ओळखीचा आवाज चढला — बा देवा म्हाराजा, तुझी ही लेकरां तुझा गाव तुझ्या हवाली करून उगड्यार बसलीत, तेंचा रक्षण कर — आणि सगळे मिळून, "व्हय म्हाराजा!" काय उणादुणा झाला आसात ता पदरात घे — "व्हय म्हाराजा!" जानकी म्हणत होती. हे म्हणायला मन लागत नाही, घसा पुरतो. संचिता तिला खेटून उभी होती, थंडी पडायला लागली होती.

"आणि म्हाराजा, जी लेकरां पोटासाठी दूर मुलखाक गेलीत, परक्याच्या दारात उभी आसत, तेंका सांभाळ. तेंका कोणाचो वायट शबुद लागू देव नको. परक्याच्या मनात तेंच्यासाठी माया घाल —"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

हा भाग तिचा होता. गेली कित्येक वर्षं या ओळीला ती हात घट्ट जोडायची, डोळ्यांसमोर निलेश आणायची, त्याची ती पट्ट्यांनी सोलवटलेली कातडी, आणि मुंबईतली ती न पाहिलेली, न ओळखीची, परकी माणसं, ज्यांच्या मनात देवाने माया घालायची. आत्ताही निलेश आला. पण त्याच्या मागोमाग कुठला तरी डोंगर आला, तिने कधी न बघितलेला, आणि त्या डोंगरात कुठल्या तरी दगडी देवासमोर हात जोडून उभी असलेली एक बाई, आणि तिच्या मागे लपलेली एक मुलगी. त्याही हेच मागत असणार. रोज मागत असतील. खाली, समुद्राकडे, आपला माणूस ज्या परक्या दारात उभा आहे, तिथल्या माणसाच्या मनात माया घाल. म्हणजे माझ्या. तिकडे कुणीतरी देवाकडे माझ्याबद्दल मागतंय, पाच वर्षं मागतंय, आणि मी इथे उभी राहून...

"काकी, म्हणा मा," संचिताने हळूच कोपर लावलं.

जानकीने तोंड उघडलं. गाऱ्हाणं पुढे गेलं होतं.